विश्लेषण : जंगल गावाचे, मग बांबू कोणाचा? देवाजी तोफा यांचा लढा काय सांगतो?

सामूहिक वनहक्काचा दावा मंजूर झाला, हातात पट्टा आला, की लढाई संपली असे अनेक गावांना वाटते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाचा अनुभव वेगळा आहे. पट्टा २००९ मध्ये मिळाला, पण स्वतःचा बांबू स्वतःच्या परवान्यावर बाहेर नेण्यासाठी २०११ उजाडले. या लढ्याचा चेहरा होते गोंड कार्यकर्ते देवाजी तोफा. यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी, केळापूर, मारेगाव आणि राळेगाव तालुक्यांतील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. येथील गोंड, कोलाम वस्त्यांनाही हाच वनहक्क कायदा लागू आहे. म्हणून मेंढ्याची गोष्ट समजून घ्यायला हवी.

देवाजी तोफा कोण?

धानोरा तालुक्यातील मेंढा हे जेमतेम शंभर घरांचे गोंड गाव. १९८०च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांविरोधात ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले. बाबा आमटे आणि आदिवासी नेते लालश्याम शाह त्यात पुढे होते. या आंदोलनातून मेंढ्यातही जागृती झाली. पुढे ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांची साथ मिळाली आणि गावात अभ्यास गट सुरू झाला. कायदा काय म्हणतो, यावर गावकरी चर्चा करू लागले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावाची.

वनखात्याशी पहिली ठिणगी कधी पडली?

गावाने पारंपरिक घोटुल नव्याने बांधले. त्यासाठी जंगलातले सागाचे लाकूड वापरले म्हणून वनखात्याने ते पाडले. त्यावर आसपासची गावे एकत्र आली आणि घोटुल पुन्हा उभे राहिले. पिढ्यान् पिढ्या जंगल वापरणाऱ्यांनाच तिथे चोर ठरवले जाते, हा प्रश्न त्यातून ऐरणीवर आला. दुसरीकडे याच भागातला बांबू लांब मुदतीच्या कराराने कागद कारखान्याला जात होता. गावाने त्यालाही विरोध केला.

पट्टा मिळूनही बांबू का अडला?

वनहक्क कायदा, २००६ नुसार मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क सर्वांत आधी मिळालेल्या देशातील गावांमध्ये मेंढ्याचा समावेश होतो. मात्र बांबू विकायचा तर वाहतूक परवाना लागतो आणि तो वनखात्याच्या हातात होता. वाद एका व्याख्येचा होता. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबू ‘वृक्ष’ होता, तर २००६ च्या कायद्यात तो ‘गौण वनोपज’ आहे. गौण वनोपजावर मालकी गावाची असते, वृक्षावर नाही. एकाच बांबूला दोन कायद्यांत दोन नावे होती आणि त्यात ग्रामसभेचा हक्क अडकला होता.

तोडगा कसा निघाला?

बांबूला गौण वनोपज माना, असे पत्र तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी मार्च २०११ मध्ये मुख्यमंत्र्यांना पाठवले. २७ एप्रिल २०११ रोजी ते मेंढ्यात आले. तत्कालीन मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत त्यांनी वाहतूक परवान्याचे पुस्तक देवाजी तोफा यांच्या हाती दिले. पुढे २०१२ च्या सुधारित नियमांत परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीला मिळाला. म्हणजे मेंढ्याने मिळवलेली सवलत देशभरातील गावांसाठी नियम बनली.

गावाच्या हाती जंगल दिले तर ते टिकते का?

मेंढ्यात निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. एकाचाही आक्षेप असेल तर चर्चा सुरू राहते. त्यामुळे ठरलेला नियम प्रत्येकाला आपला वाटतो. तो मोडणाऱ्याला जाबही गावच विचारते. सामाईक संसाधने लोक स्वतः नियम करून सांभाळू शकतात, हे दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रम यांना २००९ मध्येच अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले होते. २०१३ मध्ये तर मेंढ्याने ग्रामदान कायद्याखाली शेतजमिनीही ग्रामसभेच्या नावे करण्याचा निर्णय घेतला.

यवतमाळच्या गावांनी काय करावे?

दावा ग्रामसभेपासूनच सुरू होतो. ग्रामसभा १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडते. तिने तपासलेला दावा ग्रामसभेच्या ठरावासह उपविभागीय समितीकडे आणि तेथून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय समितीकडे जातो. निस्तारपत्रकासारख्या नोंदींसोबत गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतो. पट्टा आधीच मिळाला असेल, तर पुढच्या ग्रामसभेत एकच प्रश्न विचारून पाहा : वाहतूक परवान्याचे पुस्तक कोणाकडे आहे? उत्तर ‘वनखात्याकडे’ असे आले, तर मेंढ्याची २०११ ची लढाई तुमच्या गावात अजून बाकी आहे.