बंद नौकेच्या टाकीतील जुने इंधन : धोके आणि दक्षता

देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या काळात पावसाळी मासेमारी बंदी लागू असते. २०१५ पासून हा कालावधी ६१ दिवसांचा करण्यात आला आहे. पूर्व किनाऱ्यावर तेवढ्याच दिवसांची बंदी १५ एप्रिल ते १४ जून या काळात पाळली जाते. किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या नौकांची डागडुजी, जाळ्यांची दुरुस्ती, रंगकाम ही कामे या अवधीत उरकली जातात. टाकीत उरलेल्या इंधनाकडे मात्र बहुधा दुर्लक्ष होते.

हे दुर्लक्ष महागात पडू शकते. ऑगस्टच्या आरंभी पश्चिमेकडील समुद्र पुरता शांत झालेला नसतो. खाडीच्या मुखाशी, जेथे लाटा फुटतात, तेथे इंजिन बंद पडल्यास नौका लाटांना आडवी होते व उलटण्याचा धोका निर्माण होतो. अशा बिघाडाचे मूळ अनेकदा दोन महिने पडून राहिलेल्या इंधनात सापडते.

पेट्रोल जुने होते म्हणजे काय?

पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातील हलके घटक प्रथम उडून जातात. थंड इंजिन सुरू होण्यासाठी हेच घटक आवश्यक असल्याने जुन्या पेट्रोलवर इंजिन सहजी सुरू होत नाही. उरलेल्या घटकांचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन डिंकासारखा चिकट पदार्थ तयार होतो. कार्ब्युरेटरमधील सूक्ष्म छिद्रांत तो साचला की इंधनाचा पुरवठा अपुरा पडतो. उष्ण हवामानात ही प्रक्रिया अधिक वेगाने होते.

केरळच्या किनाऱ्यावर केरोसीनवर चालणारी आउटबोर्ड इंजिने मोठ्या प्रमाणात वापरली जातात. ती सुरू करण्यासाठीही थोडे पेट्रोल लागते व ते अल्प प्रमाणात वापरले जात असल्याने बराच काळ पडून राहते.

इथेनॉल आणि पाणी

भारतात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये महाराष्ट्रातील मिरज व मनमाड आणि उत्तर प्रदेशातील बरेली परिसरात राबविण्यात आले. २००३ मध्ये काही राज्यांत ५ टक्के मिश्रणाची योजना सुरू झाली. २०२२ मध्ये १० टक्क्यांचे, तर २०२५ मध्ये २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट गाठण्यात आले. रस्त्यावरील वाहनांत हे इंधन लवकर संपते. किनाऱ्यावरील दमट हवेत बंद असलेल्या नौकेची गोष्ट निराळी आहे.

इथेनॉल पाण्यात पूर्णतः मिसळते, पेट्रोल मिसळत नाही. १० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल १५ अंश सेल्सिअस तापमानाला सुमारे अर्धा टक्का पाणी सामावून घेऊ शकते. म्हणजेच २५ लिटरच्या टाकीत सव्वाशे मिलिलिटर, साधारण एक पेला पाणी त्या मर्यादेपर्यंत पोहोचविण्यास पुरेसे ठरते. मर्यादा ओलांडली की इथेनॉल पाण्यासह पेट्रोलपासून विलग होऊन तळाशी बसते. २० टक्के मिश्रणात पाणी सामावण्याची क्षमता अधिक असते. परंतु एकदा विलगीकरण झाले की तळाचा थरही तितकाच मोठा होतो.

हवेतील बाष्प इंधनात शोषले जाण्याची गती मंद असते. जास्त पाणी येते ते झिजलेल्या झाकणातून झिरपणाऱ्या पावसाचे आणि अर्धवट रिकाम्या टाकीच्या भिंतींवर साचणाऱ्या दवाचे.

इंजिनाकडे जाणारी नळी टाकीच्या तळाजवळून इंधन ओढते. त्यामुळे विलग झालेला थर सर्वप्रथम इंजिनात शिरतो. टू-स्ट्रोक इंजिनात वंगण तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असल्यास धोका वाढतो, कारण तेल वरच्या थरात राहते आणि तळाच्या थरात ते जवळजवळ नसते. अशा वेळी इंजिन सुरू झाले तरी वंगणाअभावी पिस्टन जाम होऊ शकतो. वरच्या थराचा ऑक्टेन अंकही घटलेला असतो. कोणतेही रसायन घालून हे दोन थर पूर्ववत करता येत नाहीत.

बहुतेक आउटबोर्ड उत्पादक आपल्या माहितीपुस्तिकांत इथेनॉलची कमाल मर्यादा १० टक्के सांगतात. जुन्या इंजिनांतील रबरी नळ्या व सील यांवर अधिक इथेनॉलचा परिणाम होऊ शकतो. म्हणून आपल्या इंजिनाची मर्यादा पाहून घेणे हितावह ठरते.

डिझेलची समस्या वेगळी

मोठ्या यांत्रिक नौका डिझेलवर चालतात. डिझेल पेट्रोलपेक्षा अधिक काळ टिकते. तथापि टाकीच्या तळाशी पाणी साचले की पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर जिवाणू व बुरशी वाढू लागतात. त्यांचा काळसर, बुळबुळीत गाळ एरवी तळाशी पडून राहतो. नौका लाटांवर हेलकावू लागली की तो ढवळला जाऊन फिल्टर तुंबवतो. धक्क्यावर सुरळीत चालणारे इंजिन खोल समुद्रात अचानक बंद पडण्यामागे हे एक कारण असते.

नौका बंद करण्यापूर्वी

लहान, सुटी टाकी असल्यास ती पूर्ण रिकामी करून कोरडी ठेवणे सर्वांत सुरक्षित. आउटबोर्ड इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून, टाकीची नळी काढून, आतील पेट्रोल संपेपर्यंत चालवावे. थंड करणाऱ्या पाण्याविना इंजिन चालवू नये. त्यातील पाण्याचा पंप लगेच खराब होतो. कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून उरलेले थेंबही काढावेत.

नौकेत कायम बसविलेली पेट्रोलची टाकी रिकामी करणे शक्य नसेल, तर ती ताज्या इंधनाने जवळपास भरून, प्रसरणासाठी थोडी जागा सोडून, इंधन टिकविणारे रसायन आधीच मिसळावे. हे रसायन ताजे इंधन टिकवते, बिघडलेले सुधारत नाही. डिझेलच्या टाकीतील पाणी काढून तीही अशीच भरून ठेवावी.

जुने इंधन तपासणे व काढणे

टाकी काही तास न हलविता तळाचे थोडे इंधन पारदर्शक काचेच्या बाटलीत घ्यावे. दोन थर दिसल्यास, गढूळपणा असल्यास, रंग गडद झाला असल्यास किंवा वार्निशसारखा उग्र वास येत असल्यास ते पेट्रोल वापरू नये. डिझेलमधील पाणी मात्र तळाच्या तोटीतून काढता येते. गाळ नसेल तर गाळून घेतलेले डिझेल वापरता येते.

इंधन उपसताना इंजिन थंड असावे, बॅटरीची जोडणी काढलेली असावी व आसपास विडी-काडी पेटवू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती नौकेच्या तळाशी साचते; एका ठिणगीने भडका उडू शकतो. सुटी टाकी नौकेबाहेर जमिनीवर ठेवूनच रिकामी करावी. नळीने तोंडाने पेट्रोल ओढणे टाळून हातपंप वापरावा.

पेट्रोलियम अधिनियम, १९३४ नुसार विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंतचे पेट्रोल परवान्याविना ठेवता येते. मात्र ते घट्ट झाकणाच्या भांड्यात असावे लागते व धातूचे भांडे २५ लिटरपेक्षा मोठे असू नये.

बिघडलेले पेट्रोल खाडीत, गटारात वा वाळूत ओतू नये. ते केरोसीनमध्ये मिसळून स्टोव्हसाठी वापरणे तर प्राणघातक आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाने मान्यता दिलेल्या टाकाऊ तेल व्यावसायिकाकडे ते सोपवावे. एकेका नौकेचे इंधन थोडे असते. मच्छीमार सहकारी संस्थांनी ते एकत्रित दिल्यास काम सुकर होईल.

पहिल्या फेरीपूर्वी

ताजे इंधन भरण्याआधी टाकी कोरडी करून फिल्टर बदलावा. पाणी वेगळे करणारा फिल्टर नसल्यास बसवून घ्यावा. त्यानंतर खाडीच्या शांत पाण्यात इंजिन किमान अर्धा तास भार देऊन चालवून पाहावे. किनाऱ्यालगत बंद पडलेले इंजिन दुरुस्त करता येते. खाडीचे मुख ओलांडताना तेच बंद पडल्यास नौकेवरील खलाशांच्या हाती फारसा वेळ उरत नाही.