दूरचं टिपणारा छोटा कॅमेरा

मोठ्या झूमचा छोटा कॅमेरा घ्यायला गेलं की विक्रेता पहिल्यांदा ‘एक्स’ सांगतो: हा ३० एक्स, तो ४० एक्स, आणि हा बघा, १२५ एक्स. यात खोटं काही नसतं. पण त्या लांब टोकाला उजेड किती शिल्लक राहतो, हे कुणी सांगत नाही. कॅमेरा निवडताना आणि पुढे वापरताना खरा प्रश्न तोच असतो.

एक्समध्ये काय असतं

भिंगाच्या लांब टोकाचे मिलिमीटर भागिले रुंद टोकाचे मिलिमीटर, की झाले एक्स. पॅनासॉनिकच्या टीझेड९९ चं भिंग २४ ते ७२० मिमी, म्हणून ३० एक्स. कॅननचा एसएक्स७४० एचएस २४ ते ९६०, म्हणून ४०. भिंग सुरू कुठे होतं आणि संपतं कुठे, हे मात्र एक्सवरून कळत नाही. त्यासाठी दोन्ही टोकांचे मिलिमीटर विचारावेत. सुरुवात २४ वर आहे की २८ वर, याने वाड्याच्या चौकात किंवा किल्ल्याच्या दरवाजाशी उभं राहिल्यावर मोठा फरक पडतो. मागे सरकायला जागा नसते तिथे चार मिलिमीटर फार होतात.

हे आकडे जुन्या ३५ मिमी फिल्मच्या हिशेबातले असतात. एसएक्स७४० च्या भिंगावर प्रत्यक्षात ४.३ ते १७२ मिमी असं छापलेलं असतं. ते वाचून फसवणूक झाली असं समजू नये. सेन्सर छोटा असल्यामुळे तेवढंच भिंग पुरतं.

पल्ल्याचा अंदाज घ्यायला सोपा हिशेब आहे. ७२० मिमीला चौकटीत अंतराच्या साधारण विसाव्या भागाएवढी रुंदी मावते. पन्नास मीटरवरच्या झाडावर कॅमेरा रोखला तर चौकट अडीच मीटर रुंद. त्यात बसलेला खंड्या जेमतेम २८ सेंटिमीटरचा, म्हणजे चित्राच्या रुंदीचा नववा हिस्सा. २००० मिमीला तीच चौकट मीटरभराच्या आत येते आणि पक्षी तिचा तिसरा भाग व्यापतो. पक्ष्यांचे फोटो काढायचे असतील तर खिशातला कॅमेरा अपुरा का वाटतो, ते एवढ्यावरून कळावं.

डिजिटल झूम हिशेबात धरूच नये. तो मधला तुकडा कापून मोठा करतो. फोटो नंतर संगणकावर कापला तरी तेच हाती येतं. मेन्यूत जाऊन तो बंद करून टाकावा.

लांब टोकाचा उजेड

खिशात मावणाऱ्या बहुतेक सुपरझूममध्ये १/२.३ इंची सेन्सर असतो. त्याचं माप सुमारे ६.२ बाय ४.६ मिमी, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान. ‘एक इंची’ म्हणून विकला जाणारा सेन्सर १३.२ बाय ८.८ मिमीचा, नावात इंच असला तरी रुंदीला तो अर्ध्या इंचाच्या आसपासच भरतो. तरीही पहिल्याच्या चौपट क्षेत्रफळ त्याला मिळतं, आणि संध्याकाळच्या फोटोत ते लगेच दिसतं.

दुसरी गोष्ट अ‍ॅपर्चरची, म्हणजे भिंगातल्या छिद्राची. एसएक्स७४० चं भिंग रुंद टोकाला एफ/३.३ असतं आणि लांब टोकाला एफ/६.९ होतं. म्हणजे पूर्ण झूम केल्यावर आत येणारा उजेड चौथ्या हिश्शाहूनही कमी. कॅमेरा मग आयएसओ वाढवतो, फोटो रवाळ होतो, रवे लपवण्यासाठी कॅमेराच चित्र पुसून गुळगुळीत करतो आणि पक्ष्याच्या पिसांचा रंगीत लगदा होतो. याला ‘कॅमेरा खराब आहे’ म्हणून चालणार नाही. हा उन्हातला कॅमेरा आहे.

मेगापिक्सेलचंही तसंच. अशा २० मेगापिक्सेलच्या सेन्सरवर एका पिक्सेलची रुंदी १.२ मायक्रॉनच्या घरात असते. एफ/६.९ वर मात्र प्रकाशाचा ठिपकाच सुमारे नऊ मायक्रॉनचा पडतो. बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, त्याला इलाज नाही. त्यामुळे पूर्ण झूमवर २० मेगापिक्सेलचा तपशील मिळतच नाही. मोबाइलवर पाहायला, छोट्या छपाईला फोटो उत्तम. पण कापून पुन्हा मोठा करायला गेलात की तो फाटतो. म्हणून मेगापिक्सेलच्या आकड्याकडे सरळ दुर्लक्ष करावं.

खिशातले, मधले आणि दांडगे

खिशातले म्हणजे वर आलेले टीझेड९९ आणि एसएक्स७४०. वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास, भिंग बंद केल्यावर आत जाणारं. प्रवास, नातवंडांचा गॅदरिंगमधला नाच, मंदिराच्या शिखरावरचं शिल्प: सगळ्याला चालणारे. उजेडाची अट अर्थात आहेच.

मधले म्हणजे एक इंची सेन्सरचे. पॅनासॉनिक टीझेड२०० (२०१८) २४ ते ३६० मिमी. सोनी आरएक्स१०० मार्क ७ (२०१९) २४ ते २०० मिमी. एक्स कमी, फोटो सरस. बहुतेकांनी यांच्याकडेच आधी बघावं असं माझं मत आहे. दुकानात हे मत फारसं खपत नाही, कारण आठ एक्ससाठी चाळीस एक्सपेक्षा जास्त पैसे मोजायला मन धजत नाही.

दांडगे म्हणजे ब्रिज कॅमेरे. निकॉनचा पी९०० (२०१५) २००० मिमीपर्यंत गेला आणि पी१००० (२०१८) ३००० पर्यंत. एवढ्या लांबवर पुरेसा उजेड आत घ्यायचा तर भिंगाचं तोंड मोठं लागतं, म्हणून पी१००० चं वजन १,४१५ ग्रॅम. त्याला ‘कॉम्पॅक्ट’ म्हणणं हे औदार्य झालं. सोनीचा आरएक्स१० मार्क ४ (२०१७) एक इंची सेन्सर आणि ६०० मिमीला एफ/४ देतो. पक्षी टिपायला या जातीत तो मला सर्वांत समतोल वाटतो, पण किलोभर वजन आणि किंमत दोन्ही सोसावी लागते.

मोबाइलवर ‘१०० एक्स’ लिहिलेलं असतंच की, असं कुणीतरी म्हणणारच. त्यातला भिंगाचा झूम थोडा. बाकीचं कापणं आणि गणित. सॅमसंगनं गॅलॅक्सी एस२३ अल्ट्रात दहापट झूमचं भिंग दिलं होतं, एस२४ अल्ट्रात ते पाचपटीवर आणलं आणि सेन्सरचे पिक्सेल वाढवले. घरातल्या, जेवणाच्या ताटाच्या, रात्रीच्या गप्पांच्या फोटोंसाठी मोबाइल या छोट्या झूम कॅमेऱ्यांपेक्षा चांगलाच ठरतो. ताडोबाच्या सफारीत मात्र मोबाइल नेऊ देत नाहीत. तिथे कॅमेराच लागतो.

डोळ्याला लावायची खिडकी

तपशिलांच्या यादीत शेवटी असणारी, पण मी सर्वांत आधी बघेन अशी गोष्ट म्हणजे व्ह्यूफाइंडर. दुपारच्या उन्हात मागचा पडदा काळा दिसतो आणि ७२० मिमीला हरवलेला पक्षी पुन्हा सापडत नाही. शिवाय हात पुढे ताणून कॅमेरा धरला की तो हलतो. डोळ्याला टेकवला की कपाळ आणि दोन्ही हात मिळून तीन आधार होतात.

दुर्दैवानं खिशातल्या कॅमेऱ्यांतून ही सोय जात चालली आहे. एसएक्स७४० मध्ये ती नाहीच. पॅनासॉनिकच्या आधीच्या टीझेड९५ मध्ये होती. २०२५ मध्ये आलेल्या टीझेड९९ मध्ये यूएसबी-सी आलं आणि व्ह्यूफाइंडर गेला. त्याच वर्षी निकॉननं पी१००० ची जागा पी११०० ला दिली, त्यातही यूएसबी-सी आहे आणि भिंग तेच. पी११०० मध्ये व्ह्यूफाइंडर टिकला, हे बरं झालं. सोनीच्या एचएक्स९९ मध्ये तो वर उचलून ओढायचा असतो. छोटासा, पण कामाचा.

हात, श्वास आणि शटर

जुना नियम असा की भिंग जितके मिलिमीटर, सेकंदाच्या तितक्याव्या भागाइतकं तरी शटर वेगवान हवं. ७२० मिमीला १/७२० सेकंद. कॅमेऱ्यातली थरथर-रोधक यंत्रणा यात बरीच सूट देते. १/१०० ला स्थिर वस्तूचा नेटका फोटो येऊ शकतो. पण ती थरथर फक्त आपल्या हाताची थांबवते. उडणारा बगळा काही तिचं ऐकत नाही.

कोपरं छातीला टेकवावीत, भिंतीला किंवा झाडाला पाठ लावावी, श्वास अर्धा सोडून थांबावं आणि बटण दाबण्याऐवजी हळू पिळल्यासारखं करावं. आधी अर्धं दाबून फोकस पक्का करून घ्यावा. एकाऐवजी सलग चार-पाच फोटो घेतले तर त्यातला मधला एखादा बहुधा नेटका निघतो, कारण पहिल्या दाबाचा धक्का तोवर ओसरलेला असतो. ट्रायपॉडवर असाल तर दोन सेकंदांचा टायमर लावावा.

झूम करून पक्षी शोधत बसू नये. रुंद टोकाला तो चौकटीच्या मधोमध घ्यावा आणि मग झूम करत जावं. मध्येच हरवला तर यासाठी खास सोय असते: निकॉनच्या ब्रिज कॅमेऱ्यांवर आणि कॅननवर एक बटण धरून ठेवलं की झूम क्षणभर मागे येतो आणि सोडलं की पुन्हा आधीच्या जागी जातो. पुस्तिकेतलं हे पान बहुतेक लोक वाचतच नाहीत.

भिगवणच्या होडीत

उजनीच्या पाणपसाऱ्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला जाणाऱ्यांसाठी हे थोडं सविस्तर. होडी हलती, म्हणजे ट्रायपॉडचा उपयोग नाही. शटर प्रायॉरिटी लावून बसलेल्या पक्ष्यांना १/५०० आणि उडणाऱ्या थव्याला १/१००० किंवा त्याहून वेगवान ठेवावं. अ‍ॅपर्चर कॅमेरा बघून घेईल. ऑटो आयएसओची वरची मर्यादा खिशातल्या कॅमेऱ्यात ८००, एक इंचीत १६०० ठेवावी. फोकस एकाच मधल्या चौकोनावर. सगळी चौकट कॅमेऱ्यावर सोडली की तो पुढच्या गवतावर जाऊन बसतो.

वेळ सकाळची. सूर्य पाठीशी येईल असं होडी वळवायला नावाड्याला सांगावं. त्याला हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरायला लागते आणि दूरच्या पक्ष्याची मान वितळल्यासारखी दिसते. तो दोष भिंगाचा नसतो आणि महागडं भिंगही त्यावर उतारा नाही. तेव्हा झूम कमी करून जवळचे पक्षी टिपावेत, किंवा सरळ नाश्ता करावा.

काठावर उतरल्यावर फुलपाखरांसाठी हाच झूम उपयोगी पडतो. अनेक मॉडेलं पूर्ण झूमवर दोन मीटरच्या आसपास फोकस करतात. तिथून ७२० मिमीला चौकट जेमतेम दहा सेंटिमीटर रुंद असते, आणि फुलपाखराला आपली चाहूलही लागत नाही.

चंद्र

पौर्णिमेचा चंद्र सपाट दिसतो. अष्टमीच्या आसपास उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या पडतात, तेव्हा टिपावा. कॅमेऱ्याचा ऑटो मोड काळं आकाश बघून बिचकतो आणि चंद्राची पांढरी टिकली करतो. म्हणून मॅन्युअल मोड. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर जेवढं उघडं मिळेल तेवढं, शटर पौर्णिमेला १/२५० च्या जवळ आणि अष्टमीला त्याहून बराच सावकाश. ७२० मिमीला चंद्र चौकटीच्या उंचीचा चौथा भाग व्यापतो, २००० ला तीन चतुर्थांश, आणि ३००० ला चौकटीबाहेर जातो.

झूमच्या मधला पट्टा

झूम हाती आला की लोक तो टोकालाच नेतात. माझ्या मते या कॅमेऱ्यांचे सर्वांत चांगले फोटो १०० ते ३०० मिमीच्या दरम्यान निघतात. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट चढते, तेव्हा समोरच्या डोंगरावरून वळणावळणाचा रस्ता भगव्या पताकांनी भरलेला दिसतो. लांबून टिपल्यामुळे पुढच्या आणि मागच्या दिंड्यांमधलं अंतर आक्रसतं आणि गर्दी घट्ट विणलेली वाटते. ही जादू खरं तर आपण लांब उभे असतो त्याची; झूम फक्त चौकट आवळतो. आणि ज्येष्ठाच्या ढगाळ आभाळाखाली मधल्या पट्ट्यात उजेडही पुरतो, जो ७२० ला पुरला नसता.

धूळ, दमट हवा आणि जुना माल

आत-बाहेर होणारं भिंग प्रत्येक वेळी थोडी हवा आत ओढतं, आणि हवेबरोबर गडावरची धूळ. ती सेन्सरवर बसली की घरी पुसता येत नाही, कारण भिंग काढताच येत नाही. चालत्या जीपमध्ये आणि समुद्रकाठच्या वाऱ्यात काम नसेल तेव्हा कॅमेरा बंद करून पिशवीत ठेवावा. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवावा, जेलचा रंग बदलला की पुड्या बदलाव्यात, आणि आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून चालवावा. चामड्याच्या बंद पाकिटात महिनोन्महिने ठेवलेल्या भिंगावर बुरशी हमखास धरते.

जुना कॅमेरा घ्यायची वेळ हल्ली बऱ्याच जणांवर येते, कारण नवी मॉडेलं मोजकी उरली आहेत. २००८ साली जगभरात न बदलणाऱ्या भिंगाचे दहा कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. २०२३ मध्ये वीस लाखसुद्धा नाहीत. जुना घेताना झूम टोकापासून टोकापर्यंत पुन्हा पुन्हा फिरवून बघावा; करकर, अडखळ किंवा भिंग तिरकं चालणं दिसलं तर परत द्यावा. अ‍ॅपर्चर जितकं बारीक होईल तितकं करून मोकळ्या आभाळाचा फोटो काढावा आणि तो पडद्यावर मोठा करून काळपट डाग शोधावेत. भिंगावर तिरकी टॉर्च मारली की बुरशीचे धागे दिसतात. आणि पैसे देण्याआधी त्या मॉडेलची नवी बॅटरी बाजारात मिळते का, हे विचारून घ्यावं. मूळची बॅटरी फुगलेली असेल तर ती चार्जिंगला लावूच नये.