ब्रेकचा ताळेबंद

गोव्यात निर्माण झालेल्या सॅन स्टॉर्मसारख्या दोन आसनी मोटारीचे सुटे भाग आता दुर्मीळ झाल्याने, दुसऱ्या मोटारीची मोठी डिस्क व कॅलिपर तिला जोडावेत, असे शौकिनांस वाटणे स्वाभाविक आहे. वेग दुप्पट होताच जिरवावयाची गतिज ऊर्जा चौपट होते, हेही खरेच. तथापि कॅलिपरचा दट्ट्या मोठा आणि मास्टर सिलिंडर मात्र जुनाच राहिला, तर अधिक तेल ढकलावे लागून पेडल खोल जाते. आणि मागच्या ब्रेकचा जोर प्रमाणाबाहेर वाढविल्यास, मागची चाके आधी जखडून, पावसाळी रस्त्यावर मोटार गर्रकन फिरावयाची. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ अशा फेरफारांवर निर्बंध घालते; तेव्हा हत्यार उचलण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करावी.