कार्यशाळेचा प्रस्ताव

मोठ्या परिषदेत बहुधा पूर्णत्वास गेलेले संशोधन मांडले जाते. अर्धवट कल्पनांसाठी परिषदेला जोडून एक-दोन दिवसांची कार्यशाळा भरते. ती भरवू इच्छिणारे अभ्यासक काही महिने आधी संयोजकांकडे प्रस्ताव पाठवतात. विषय, त्याची निकड, निबंधांची पारख कोण करणार, हे त्यात लिहावे लागते. यांत विषय ठरवणेच अवघड. ‘बिनतारी जाळी व स्मार्ट यंत्रणा’ एवढेच लिहिले तर प्रस्ताव पसरट होतो. त्यामागे नेमका प्रश्न हवा.

असा एक प्रश्न जुनाच आहे. हवाई विद्यापीठाने १९७१ मध्ये ‘अलोहानेट’ हे बिनतारी संगणक-जाळे सुरू केले. अनेक ठिकाणांहून एकाच वारंवारतेवर संदेश निघत. दोन संदेश एकमेकांवर आदळले की दोन्ही बिघडत. मग प्रत्येक जण कमीअधिक काळ थांबून संदेश पुन्हा पाठवी. या रीतीत वाहिनीची फार तर १८ टक्के क्षमता उपयोगी पडे. आज शेतातील ओलावा मोजणारी शेकडो उपकरणे एकाच वारंवारतेवर बोलू लागली, की तोच पेच उभा राहतो. शिवाय लहानशी बॅटरी कित्येक वर्षे पुरवायची असते. हा पेच प्रस्तावात मांडला, तर दूरसंचार अभियंत्याबरोबर शेतीतज्ज्ञालाही चर्चेस बोलावता येते.