विश्लेषण : सुकलेली फांदी तोडली, की तांबटाचे घर का जाते?

पावसाळ्यापूर्वीची झाडांची छाटणी आणि तांबट पक्ष्याची वीण एकाच वेळी येते. गोवंडीसारख्या कमी झाडांच्या भागात याचा परिणाम काय होतो आणि त्यावर उपाय कोणता?

मार्च-एप्रिलच्या भर दुपारी गोवंडी स्थानकाबाहेर रिक्षांचा गोंगाट क्षणभर थांबला, की एखाद्या झाडावरून ‘टुक्‌ टुक्‌ टुक्‌’ असा एकसुरी आवाज येतो. कुणीतरी पत्र्यावर हातोडी मारत आहे, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरव्या रंगाचा एक पक्षी असतो. त्याचे नाव तांबट.

तांबट दिसतो कसा?

तांबटाची लांबी १५ ते १७ सेंटिमीटर असते. पाठ हिरवी, पोटावर हिरवट रेघा, डोळ्यांभोवती आणि गळ्यावर पिवळा रंग, कपाळावर व छातीवर गडद लाल पट्टा आणि पाय लाल. नर आणि मादी सारखेच दिसतात. पिल्लांना मात्र लाल रंग नसतो. चोच जाड असून तिच्या बुडाशी मिशांसारखे राठ केस असतात. शास्त्रीय नाव ‘सायलोपोगॉन हिमॅसेफॅलस’. त्यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘रक्तवर्णी डोक्याचा’. १७७६ मध्ये या पक्ष्याची शास्त्रीय नोंद झाली. भारतीय उपखंडापासून फिलिपिन्सपर्यंत तो आढळतो. सुतारपक्षी आणि दक्षिण अमेरिकेतील टूकन हे त्याचे दूरचे नातेवाईक.

इतका रंगीत असूनही तो सहज दिसत नाही, कारण पानांच्या गर्दीत त्याचा हिरवा रंग मिसळून जातो. हिवाळ्यात सकाळी मात्र हे पक्षी उंच, निष्पर्ण शेंड्यावर ऊन खात बसलेले दिसतात.

नाव आणि आवाजाचा संबंध काय?

तांब्याची भांडी घडवणारा कारागीर म्हणजे तांबट. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. तिथे भांड्यावर ठोके देऊन केलेले मठारकाम प्रसिद्ध आहे. पक्ष्याचा आवाज हुबेहूब त्या ठोक्यांसारखा, म्हणून त्यालाही तेच नाव मिळाले.

हा आवाज काढताना तो चोच उघडत नाही. गळ्याची कातडी फुगते आणि प्रत्येक ठोक्याला डोके हलते. वेग सेकंदाला साधारण दोन ठोके. एका दमात शंभराहून अधिक ठोकेही होतात. बोलताना तो मान फिरवत राहतो, त्यामुळे आवाज नेमका कुठून येतो ते कळत नाही. थंडीत तो बहुतेक गप्प असतो. ऊन तापू लागले की सुरू होतो. म्हणजे हा आवाज विणीचा हंगाम आल्याची खूण आहे.

जंगलातला पक्षी शहरात कसा टिकतो?

तांबट मुळात पानझडी जंगलाचा आणि जंगलाच्या कडेचा पक्षी. त्याला जगायला दोनच गोष्टी लागतात : फळे आणि पोखरता येईल असे लाकूड. वड, पिंपळ आणि उंबर ही झाडे शहरात असल्याने पहिली गरज भागते. ही सगळी झाडे एकाच वेळी फळत नाहीत, त्यामुळे कुठे ना कुठे खायला मिळते. एक तांबट दिवसाला स्वतःच्या वजनाच्या दीडपट ते जवळजवळ तिप्पट फळे खातो. जोडीला किडे आणि वाळवीही खातो.

त्याच्या विष्ठेतून वडा-पिंपळाच्या बारीक बिया दूरवर जातात. जुन्या इमारतीच्या भेगेत किंवा नाल्याच्या भिंतीत कुणी न लावता उगवलेले पिंपळाचे रोप अशाच फळखाऊ पक्ष्यांनी पेरलेले असते.

सुकलेली फांदीच का लागते?

सुतारपक्ष्याची चोच छिन्नीसारखी असते. तांबटाची चोच तेवढी मजबूत नाही. जिवंत, टणक लाकूड त्याला सहज पोखरता येत नाही. म्हणून तो सुकलेली, आतून भुसभुशीत झालेली फांदी निवडतो किंवा शेवगा, पांगारा यांसारखे मऊ लाकडाचे झाड. फांदीच्या खालच्या अंगाला तो वाटोळे भोक पाडतो. पावसाचे पाणी आत शिरू नये, हा त्याचा फायदा. मादी साधारण तीन-चार पांढरी अंडी घालते. अंडी उबवण्याचे काम नर आणि मादी दोघेही करतात.

ही ढोली पिल्लांपुरती नसते. इतर वेळी तांबट रात्री झोपायलाही ढोलीत येतो. त्याने सोडलेल्या ढोलीत इतर लहान पक्षी बिऱ्हाड करतात. एक फांदी गेली, तर नुकसान एकाच जोडीचे होत नाही.

छाटणी आणि वीण एकत्र का येतात?

मुंबईत झाड किंवा फांदी कोसळून पावसाळ्यात माणसे दगावली आहेत. त्यामुळे मेअखेरपर्यंत धोकादायक फांद्या छाटणे हे महापालिकेचे आवश्यक काम आहे. अडचण वेळेची आहे. भारतात तांबटाची वीण मुख्यतः जानेवारी ते जून या काळात होते. छाटणीत सर्वात आधी जाते ती सुकी फांदी, आणि ढोली असते ती त्याच फांदीत.

गोवंडीत हा प्रश्न अधिक का जाणवतो?

गोवंडीच्या एका बाजूला शिवाजीनगर, बैंगनवाडीची दाट वस्ती आहे. तिथे मोठ्या झाडाला जमीनच उरलेली नाही. दुसऱ्या बाजूला देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे आवार आणि पलीकडे ट्रॉम्बेची टेकडी येथे झाडी आहे. मधल्या पट्ट्यात रस्त्याकडेची आणि सोसायट्यांतील मोजकी झाडे उरतात. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात एक फांदी पडली, तर शेजारी दुसरी असते. इथे दुसरी असेलच असे नाही. तांबटाची प्रजाती सध्या धोक्यात नाही. पण एखाद्या मोहल्ल्यातून तो गेला, तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. सोसायटीच्या आवारातील झाडाच्या छाटणीसाठीही महापालिकेची परवानगी घ्यावी लागते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत वन्यपक्ष्यांची अंडी फोडणे आणि घरट्यांना धक्का लावणे यांचाही समावेश आहे.

नागरिक काय करू शकतात?

- छाटणीपूर्वी सकाळी वीस मिनिटे झाड बघा. सुक्या फांदीच्या खालच्या अंगाला चार-पाच सेंटिमीटरचे गोल भोक आणि पक्ष्याची ये-जा दिसली, तर ढोली वापरात आहे.
- फांदी रस्त्यावर, पायवाटेवर किंवा छपरावर झुकलेली असेल, तर ती काढणे गरजेचेच आहे. पण आवाराच्या आत, कुणाच्या डोक्यावर नसलेल्या फांदीचे काम पिल्ले उडेपर्यंत थांबवता येते.
- सुक्या फांद्यांची पाहणी पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये करून घ्या. तेव्हा वीण नसते आणि मे महिन्याची घाईही टळते.
- पूर्ण फांदी काढण्याऐवजी खोडाजवळ आखूड खुंट ठेवता येईल का, हे उद्यान विभागाला विचारा.
- मोकळी जागा असेल तर उंबर किंवा पांगारा लावा. शेवग्याची फांदी ठिसूळ असते. तो वाटेपासून दूर असावा.
- पंख फुटलेले पिल्लू खाली दिसले, तर मांजर-कुत्र्यांपासून दूर, जवळच्या फांदीवर ठेवा. पालक त्याला भरवतात. पक्षी जखमी असेल, तर वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवा.