आरोप सगळ्यांवर, सुटका आठ जणांची

एप्रिल २०२०. टाळेबंदीत नागपुरातला इतवारीचा बाजार बंद होता आणि देशभरच्या मोबाइलवर एक व्हिडिओ फिरत होता. काही माणसं ताटं-चमचे चाटताहेत आणि खाली मजकूर, हे तबलिगी, म्हणजे मुस्लिम धर्मप्रचार करणाऱ्या तबलिगी जमातीचे लोक, मुद्दाम कोरोना पसरवताहेत. व्हिडिओ होता २०१८चा, माणसं दाऊदी बोहरा. एका थाळाभोवती बसून जेवायचं आणि अन्नाचा कणही वाया जाऊ द्यायचा नाही, ही त्यांची रीत. इतवारीत बोहरी व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. इथल्या शेजाऱ्यांना तरी ती रीत ठाऊक असायला हवी. खुलासाही लगेच झाला. तरी कित्येक गावांत भाजीवाल्याला आधी नाव विचारलं जाऊ लागलं.

याचं खापर लोकांच्या अडाणीपणावर फोडणं मला पटत नाही. एमआयटीच्या संशोधकांनी २०१८मध्ये दाखवून दिलं, की ट्विटरवर खरी बातमी दीड हजार लोकांपर्यंत पोचायला खोटीच्या सुमारे सहापट वेळ घेते. पण वेगापेक्षा मोठं कारण वेगळं आहे. खुलासा एका व्हिडिओपुरता असतो. अफवेने बोट दाखवलेलं असतं अख्ख्या जमातीकडे. नागपुरातलंच बघा. मोमिनपुऱ्यात उतरलेल्या म्यानमारच्या आठ तबलिगींवर तहसील पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. त्यांच्या चाचण्या निगेटिव्ह होत्या. २१ सप्टेंबर २०२० रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो गुन्हा रद्द केला. संसर्ग पसरेल असं त्यांनी काही केल्याचा पुरावाच नव्हता. महिनाभर आधी औरंगाबाद खंडपीठानेही परदेशी तबलिगींना बळीचा बकरा केल्याचं म्हटलं होतं. निकालाने नागपुरात सुटले ते आठ जण. ज्याच्यावर कधी गुन्हाच नोंदवला गेला नाही, पण ज्याचं गिऱ्हाईक तुटलं, त्या फळवाल्याला कोणतं न्यायालय निर्दोष ठरवणार?

आगीशिवाय धूर निघत नाही, असं यावर म्हटलं जातं. दिल्लीत निजामुद्दीनला झालेल्या तबलिगींच्या कार्यक्रमातून संसर्ग पसरला, हे खरंच आहे. पण आजार लागणं आणि तो मुद्दाम पसरवणं यांत गुन्ह्याएवढं अंतर आहे, आणि अफवेने नेमकं तेच पुसलं. व्हॉट्सॲपने एप्रिल २०२०मध्येच वारंवार पुढे ढकललेले संदेश एका वेळी एकाच चॅटला पाठवण्याची मर्यादा घातली. उपाय चांगला, पण डोक्यात बसलेलं त्याने निघत नाही. ते काढायचं तर खुलासा अफवेच्याच वाटेने परत जायला हवा. ज्यांनी तो व्हिडिओ पुढे पाठवला, त्यांनी नागपूर खंडपीठाच्या निकालाची बातमी त्याच गटावर, स्वतःच्या नावाने टाकावी. उशीर झाला असला, तरी टाकावी.