एका मिनिटाची बैठक

"डावा पाय, ताई. डावा."

मी थांबते. माझा उजवा पाय पुढे पडलाय आणि चांदी जागच्या जागी मान वर करून माझ्याकडे बघतेय. चूक तिची नाही. गेले तीन आठवडे तिला हेच शिकवलंय, की माझा डावा पाय हलला तर सोबत निघायचं आणि उजवा हलला तर आहे तिथंच राहायचं. उजवा हलला, ती राहिली.

सकाळचे सव्वासात वाजलेत. जुळे सोलापुरातल्या एका मोकळ्या प्लॉटवर आम्ही चार माणसं, चार कुत्री आणि काका आहोत. एका कडेला वेड्या बाभळी, दुसऱ्या कडेला कुणाच्या तरी बांधकामाची खडी. मधे काकांनी फक्कीनं चौकोन आखलाय. सिद्धेश्वराची यात्रा आठवड्यावर आलीय, पहाटेची थंडी अजून टिकून आहे. पण नऊ वाजले की इथं ऊन चढायला लागतं, म्हणून सगळं तेवढ्या वेळात उरकायचं.

काका पोलिसांच्या श्वान पथकातून हवालदार म्हणून निवृत्त झालेत. त्यांच्या गळ्यात स्टॉपवॉच आहे आणि हातात परीक्षेला नेतात तसलं पॅड. आज ते शिकवणार नाहीत, गुण देणार आहेत. पुढच्या महिन्यात पुण्याला आज्ञापालनाची स्पर्धा आहे. आमच्यातला एकही जण याआधी अशा स्पर्धेच्या दोरीच्या आत गेलेला नाही.

"परत. सुरुवातीपासून."

मी चांदीला डाव्या बाजूला घेते. तिचा खांदा माझ्या गुडघ्याशी यायला हवा, बोटभर पुढे नाही, बोटभर मागे नाही. पट्टा सैल हवा, त्याला झोळीसारखा बाक हवा. पट्टा ताणला की गुण गेले. "हील," मी एकदाच म्हणते आणि डावा पाय टाकते. आम्ही निघतो. दहा पावलं सुरेख जातात. तिच्या नखांचा खडीवर बारीक आवाज येतोय, पट्टा माझ्या मांडीला अलगद लागतोय. मग ती सोबत आहे ना, एवढं बघायला मी मान खाली करते आणि त्याच क्षणी ती अर्धं पाऊल मागे पडते.

"तुम्ही तिच्याकडं बघालाव," काका पॅडवर काहीतरी लिहीत म्हणतात. "मान वळली की डावा खांदा मागं जातोय तुमचा. ती खांदा वाचालीय, ताई. खांदा मागं, म्हणजे तिनं बी मागं."

हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. मला वाटायचं कुत्रं शब्द ऐकतं. ऐकतं तर खरंच, पण त्याआधी ते अंग बघतं. कंबर कुठे वळली, श्वास कधी धरला, हात खिशाकडे गेला का, हे सगळं चांदीला कळतं, आणि यातलं मला स्वतःला काहीच ठाऊक नसतं.

आता शब्दांचं सांगते, कारण आमच्या घरी खरा गुंता तिथंच झाला.

चांदी घरात आली तेव्हा मी तिला "बस" शिकवलं. दोन दिवसांत शिकली. मग लक्षात आलं की ती दिवसभर बसतेय. मुलगा ताटात भात वाढून घेताना "बस, बस" म्हणाला की चांदी बसायची. "बस आली का गं?" असं मी फोनवर बहिणीला विचारलं की चांदी बसायची. मराठी घरात हा शब्द दिवसातून किती वेळा उच्चारला जातो ते मला तिच्यामुळे कळलं. आठवडाभरानं तिनं शहाणपणानं त्या शब्दाकडे लक्ष देणंच सोडून दिलं.

त्यात सासूबाई अक्कलकोटकडच्या. त्या तिला "कूत्को" म्हणतात आणि हाक मारताना "बा, बा." समोरच्या मावशींचं माहेर-सासर दोन्ही पूर्व भागातलं, घरी तेलुगू. त्या फाटकातून "कूर्चो" म्हणतात आणि बोलावताना "रा." मुलगा सिनेमे बघून "कम" म्हणतो, मी "ये" म्हणते. सोलापुरात आम्ही अशा चार भाषांत सहज राहतो, कुणाला काही अडत नाही. पण एक वर्षाच्या कुत्रीनं बा, रा, ये आणि कम यांतून एकच अर्थ कसा काढायचा? ती गोंधळायची, आणि आम्ही म्हणायचो, हिला कळत नाही.

काकांनी पहिल्या दिवशी हेच विचारलं होतं. "घरात किती जण हाक मारतात? कुठल्या शब्दानं?" मी सांगत गेले आणि ते पॅडवर लिहीत गेले. यादी मोठी झाली. मग त्यांनी सगळ्यावर एक रेघ मारली आणि खाली पाच शब्द लिहिले: सिट, डाऊन, स्टे, हील, कम. "इंग्रजीचं कौतुक नाही मला. पण हे शब्द तुमच्या घरात दुसऱ्या कशासाठी कोण वापरत नाही." तो कागद आमच्या फ्रिजवर चिकटवलाय. सासूबाईंनी तो मुलाकडून वाचून घेतला आणि तेव्हापासून त्या चांदीशी बोलायच्या आधी थांबतात, ओठांत शब्द जुळवतात आणि मग ठसक्यात "सिट" म्हणतात. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी माझ्या कुत्रीसाठी सवय बदलली. हे मी कधी विसरणार नाही.

स्पर्धेत तर एका कृतीला एकच आज्ञा. दुसऱ्यांदा म्हटलं की गुण कापले जातात. त्यामुळे "सिट, सिट गं, सिट ना चांदी" ही घरातली आळवणी इथं चालत नाही.

"पुढचा बंटी," काका म्हणतात.

बंटी लॅब्रॅडोर आहे. कॉलेजातला एक मुलगा त्याला घेऊन येतो. बंटीला खायला दिलं की तो काहीही करतो, त्याचं सगळं सोपं. त्याच्यानंतर शेरू, जर्मन शेफर्ड, पोलिसी चालीचा. मग शेंगा. शेंगा ही नववीतल्या मुलीची गावठी कुत्री, भाजलेल्या दाण्याच्या रंगाची. चौकोनात पाय टाकला की तिचे कान असे उभे राहतात की बघत राहावं.

आणि माझी कारवान. मंगळवेढ्याकडच्या धनगरांच्या कळपातून आमच्या ओळखीच्या एकानं आणून दिली. बारीक कंबर, खोल छाती, लांब तोंड. हिची जात खरी धावण्याची आणि नजरेनं शिकार हेरण्याची. विजापूर ओलांडून खाली गेलं की मुधोळ लागतं. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जपली आणि इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला तिची जोडी भेट दिली. २००५ साली टपाल खात्यानं तिचं तिकीट काढलं. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या दफ्तरी तिचं नाव कॅरव्हान हाउंड आहे. एवढं सगळं असूनही पहिल्या दिवशी मला जो भेटला तो हेच म्हणाला, "कारवान? आज्ञापालनाला? लॅब घ्या की."

मला तेव्हा फार लागलं होतं. मग एका रात्री वाचताना हेलन व्हाइटहाउस वॉकर या अमेरिकन बाईंची गोष्ट सापडली. त्यांच्याकडे पूडल होते. पूडल म्हणजे केस कापून मिरवायचं कुत्रं, असं लोक म्हणायचे. १९३३ साली या बाईंनी न्यूयॉर्क राज्यातल्या माउंट किस्को इथं आज्ञापालनाची चाचणी भरवली. आठ कुत्री आली. सोबत चालणं, बोलावल्यावर येणं, वस्तू आणून देणं, सांगितल्यावर बसून राहणं, अशी कामं होती. १९३६ मध्ये अमेरिकन केनेल क्लबनं हा खेळ आपला म्हणून स्वीकारला. एका बाईला आपल्या कुत्र्याला नाव ठेवलेलं सोसलं नाही आणि त्या देशात या खेळाची सुरुवात झाली. मी ते पान दोनदा वाचलं.

पण कारवानची अडचण खोटी नाही. तिची मांडी धावण्यासाठी घडलेली, स्नायूंनी भरलेली, वर चरबी कमी. खडीवर ढुंगण टेकवून बसणं तिला खरोखर टोचतं. पहिले दहा दिवस ती अर्धवट वाकायची आणि अधांतरी राहायची. काकांनी खाली जुनी सोलापुरी चादर चौघडी करून टाकायला सांगितलं. त्यावर ती बसली. मग चादरीची तिहेरी घडी झाली, मग दुहेरी, मग एकेरी. आज चादर नाही.

"रिकॉल. चांदी."

तिला बसवून मी उजवा पाय टाकते आणि पंधरा पावलं जाते. तिच्या पट्ट्याला बैलाचा सुती कासरा बांधलाय, माझ्या मागे जमिनीवर तो सापासारखा सरकतोय. वळते. आता नाव घेऊन बोलवायचं. बसून राहा म्हणताना नाव घ्यायचं नाही, कारण नाव म्हणजे तिच्यासाठी निघण्याची खूण. बोलावताना मात्र आधी नाव.

माझं तोंड उघडायच्या आधी तिचे कान फिरतात. बाभळींच्या पलीकडे शेरडं आलीत. मला अजून फक्त धूळ दिसतेय, तिला एकेक शेरडू दिसतंय. पुढची गोष्ट इतकी लवकर होते की मला फक्त कासऱ्याचा चटका कळतो. तळहातातून दोर सुटत जातो, मी मूठ आवळते आणि टोकाला ती गचकन थांबते. धुळीत चार पंजांच्या लांब रेघा उमटल्यात.

"चांदी, कम!"

ती शेरडांकडे बघते. माझ्याकडे बघते. पुन्हा शेरडांकडे.

"परत म्हणू नका," काका हळू म्हणतात. "गुडघ्यावर बसा."

मी बसते. हात जळतोय, आणि मला राग आलाय, तो तिचा की माझा ते सांगता येत नाही. ती वळते. आधी चालत, मग दुडक्या चालीनं, मग शेवटची पाच पावलं उडत येते आणि माझ्या पोटात डोकं खुपसते.

"रागवू नका. ती परत आली. आत्ता रागावलात तर परत येण्याबद्दल रागावल्यासारखं होतंय."

मी खिशातून उकडलेल्या कलेजीचे नखाएवढे तुकडे काढते आणि एकामागून एक देत राहते. तिची छाती माझ्या हाताखाली धडधडतेय. काका पॅडवर शून्य लिहितात. मला ते दिसतं. तरी ते तुकडे मी मनापासून देतेय.

शेवटची बैठक. चारही कुत्री एका रांगेत, प्रत्येकात तीन पावलांचं अंतर. एक मिनिट बसून राहायचं, दोन मिनिटं आडवं राहायचं. मालक समोर दिसत उभा. काका आज फक्त बसण्याचं घेणार आहेत.

"सोडा कुत्री."

"स्टे." तळहात तिच्या नाकासमोर क्षणभर, मग उजवा पाय. चौकोनाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन मी वळते. स्टॉपवॉच वाजतं.

दहा सेकंद. बंटी जांभई देतो. वीस. दूर कुठेतरी यात्रेच्या सरावातली हलगी वाजायला लागते. नंदीध्वज पेलणारे कितीतरी दिवस आधीपासून असा सराव करतात. शेरूचा कान हलतो, शेंगा हलत नाही. तीस. चांदीचा पुढचा उजवा पंजा किंचित उचलला जातो, दवानं ओला झालेला, त्याला वाळूचे चार कण चिकटलेत. ती तो तसाच हवेत धरते. मी श्वास धरून ठेवलाय हे लक्षात येतं आणि मी तो सोडते, कारण तिला तो दिसतो. पंजा खाली येतो.

चाळीस. तिचं ढुंगण इंचभर उठतं.

"ए चांदी, कूर्चो!"

मावशी! दुधाची पिशवी घेऊन रस्त्यानं चालल्यात, आणि चांदीला उठताना बघून त्यांच्या तोंडून ते निघून गेलंय. चांदी टुणकन खाली बसते. मावशींनी लगेच तोंडावर हात ठेवलाय.

काका स्टॉपवॉच बंद करतात. "बाहेरून आज्ञा. सगळ्यांचं परत."

"चुकलं हो माझं," मावशी पलीकडून म्हणतात. "मी बोलत नाही आता." आणि त्या जात नाहीत. खडीच्या ढिगाशी पिशवी ठेवून दोन्ही हात जुळवून उभ्या राहतात.

पुन्हा तळहात, पुन्हा उजवा पाय. मी वळते. दहा. वीस. हलगी थांबलीय. शेरडं लांब गेलीत, त्यांच्या गळ्यातल्या घंटा अजून ऐकू येतात. चांदीची नजर एकदा तिकडे जाते, आणि तिची ती आपणहून परत आणते, माझ्या चेहऱ्यावर. तीस. चाळीस. माझे खांदे सैल आहेत, मी मुद्दाम तपासते. पन्नास. पूर्वेकडून ऊन फक्कीच्या रेघेवर आलंय, रेघ पांढरी चमकतेय. पंजा उचलला जात नाही.

"हँडलर, कुत्र्याकडे."

मी चालत जाते, तिच्या मागून वळसा घेते आणि तिच्या उजवीला येऊन उभी राहते. माझ्या मांडीपासून चार बोटांवर तिचा खांदा आहे. मी हात लावत नाही.

काका घड्याळाकडे बघतात, मग आमच्याकडे. रांगेत कुणी हलत नाही. रस्त्याकडेला मावशीही हलत नाहीत.

"संपलं," काका म्हणतात.

चांदी अजून बसलेली आहे, मान वर करून. तिला सोडण्याचा शब्द मी द्यायचाय.

"सुट्टी!"